संगणकाआधी खतावणी

गावातल्या विकास सोसायटीला कायद्याने स्वतःला बँक म्हणवून घेता येत नाही, तरी शेतकऱ्याच्या लेखी तीच त्याची पहिली बँक असते. पेरणीच्या तोंडावर पीक कर्जासाठी तो तिथेच जातो, क.म. (कर्ज मर्यादा) पत्रकात आपली मर्यादा किती धरली आहे याची विचारपूस तिथेच करतो आणि मार्चअखेर वसुलीसाठी दारात येणारा माणूसही तिचाच असतो. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातील अशाच एका सोसायटीसाठी संगणकीकरणाचा परवडेल असा आराखडा करून द्यावा, असे तिच्या संचालक मंडळाने मला सुचवले. माझे आयुष्य हिशेब लिहिण्यात आणि तपासण्यात गेले असल्यामुळे मी ते काम आनंदाने घेतले. मंडळाचा प्रश्न एकच होता, की एकूण खर्च किती येईल. या प्रश्नाचे नेमके उत्तर संगणकाच्या दुकानातील दरपत्रकात मिळत नाही, ते सोसायटीच्या कपाटातील खतावण्यांत, म्हणजे सभासदांच्या खात्यांच्या वह्यांत, शोधावे लागते, असे माझे मत त्या कामात पक्के झाले.

आधी रकमेचा अंदाज घेऊ. केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जून 2022 रोजी प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजेच अशा विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची योजना मंजूर केली. देशातील सुमारे 63,000 कार्यरत संस्था, पाच वर्षांचा काळ आणि 2,516 कोटी रुपयांची तरतूद असे तिचे मूळ स्वरूप होते. पुढे संस्थांची संख्या आणि तरतूद दोन्ही वाढवण्यात आल्या. मूळ आकड्यांचा भागाकार केला तर एका संस्थेच्या वाट्याला सरासरी चार लाखांच्या किंचित आत रक्कम येते. आता हीच रक्कम सोसायटीच्या बाजूने पाहावी. सोसायटी जिल्हा बँकेकडून ज्या दराने कर्ज उचलते आणि सभासदाला ज्या दराने देते त्यांच्यामधला गाळा हेच तिचे मुख्य उत्पन्न असते. एखाद्या सोसायटीचे कर्जवाटप दोन कोटींचे आहे आणि तिला दोन टक्के गाळा मिळतो असे धरले, तर वर्षाचे उत्पन्न चार लाख होते. म्हणजे बऱ्यापैकी चालणाऱ्या सोसायटीचे एका वर्षाचे सगळे उत्पन्न एका संगणकीकरणात संपते. शिवाय त्याच चार लाखांतून सचिवाच्या पगाराची वर्गणी, लेखापरीक्षणाची फी, जागेचे भाडे आणि छपाई भागवायची असते, जो काही नफा उरेल त्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला वर्ग करायचा असतो आणि थकबाकी वाढलेल्या वर्षी तर गाळा कागदावरच राहतो. ज्या सोसायटीचे वाटप पन्नास लाखांवरच थांबते तिच्याबद्दल वेगळे सांगायलाच नको. म्हणूनच सरकारी योजनेने यंत्रांचा भार उचलला ही मोठी गोष्ट आहे. संगणक, प्रिंटर, वेबकॅम, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि नाबार्डच्या देखरेखीखाली तयार झालेली देशभरासाठीची एकच संगणकप्रणाली हे सारे सोसायटीला स्वतःच्या बळावर घ्यावे लागले असते, तर बहुतेक ठिकाणी हा विषय सभेच्या इतिवृत्तापलीकडे गेलाच नसता.

मात्र यंत्र दारात आले म्हणजे हिशेब यंत्रात आला असे होत नाही. प्रणाली सुरू करताना प्रत्येक सभासदाची आरंभीची बाकी भरावी लागते: मुद्दल किती, व्याज किती, कर्ज कोणत्या तारखेचे, कोणत्या पिकाचे, थकीत आहे की चालू, शेअर्स किती आणि ठेव किती. यातली एक बाकी जरी चुकीची भरली गेली, तरी यंत्र तिच्यावर पुढे वर्षानुवर्षे बिनचूक व्याज आकारत राहते आणि छापील कागदावर आल्यामुळे त्या चुकीला कोणी सहसा आव्हानही देत नाही. हाताने लिहिलेल्या खतावणीत खाडाखोड दिसते, शाई बदललेली दिसते, शंका घ्यायला जागा असते. संगणकाच्या उताऱ्यावर तसे काहीच दिसत नाही.

खतावणीचे एक पान मी मंडळापुढे उघडून दाखवले होते. वरच्या बाजूला सभासदाचे नाव, क्षेत्र आणि इकराराचा (कर्जासाठी जमिनीवर बोजा लिहून दिलेल्या कागदाचा) क्रमांक, खाली तारीख, पावती क्रमांक, नावे, जमा आणि बाकी असे रकाने. मागच्या खतावणीतून ओढून आणलेली बाकी पहिल्या ओळीत होती, पण जुन्या पानावरील शेवटच्या बाकीशी ती जुळत नव्हती, कारण मधल्या काळात कर्जाचे पुनर्गठन झाले होते आणि थकीत व्याज मुद्दलात मिळवताना एक जमा पावती नोंदवायची राहून गेली होती. त्या पावतीचे स्थळप्रत पुस्तक कपाटाच्या तळाशी होते आणि सभासदाची मूळ पावती त्याच्या घरी देव्हाऱ्याच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळून ठेवलेली निघाली. रक्कम मोठी नव्हती. तरीही ती शोधायला गटसचिव (सोसायटीचे दप्तर सांभाळणारा सचिव), जिल्हा बँकेच्या शाखेतील कर्मचारी आणि सभासद अशा तिघांचा वेळ गेला, आणि अशी पाने एकाच खतावणीत कितीतरी होती. हा वेळ कोणत्याही दरपत्रकात धरलेला नसतो. मी आराखड्यात तो सर्वांत वर धरला. जुन्या बाक्यांच्या पडताळणीसाठी बाहेरून एक अनुभवी, शक्यतो निवृत्त सचिव मानधनावर नेमावा आणि ते काम संपेपर्यंत प्रणालीत एकही बाकी भरू नये, ही त्यातली पहिली सूचना होती.

सहकार खात्यात 'अनिष्ट तफावत' म्हणून एक शब्दप्रयोग रूढ आहे. सोसायटीला सभासदांकडून जेवढे येणे आहे त्यापेक्षा तिचे जिल्हा बँकेला देणे जास्त झाले, की त्या फरकाला अनिष्ट तफावत म्हणतात. ती अनेक कारणांनी पडते: वसूल झालेली रक्कम बँकेत भरलीच गेली नाही, खत किंवा धान्याच्या व्यवहारात तोटा आला, बँकेने आकारलेले व्याज सभासदांना लावायचे राहिले, कधी अपहारही झाला. संगणकीकरणाच्या निमित्ताने संस्था पातळीचे आणि बँक पातळीचे आकडे समोरासमोर मांडावेच लागतात आणि अशा वेळी तफावत लपून राहत नाही. काही ठिकाणी संगणकीकरण रेंगाळण्यामागे विजेचे आणि नेटचे कारण पुढे केले जाते, पण खरी अडचण या फरकात असते असे मला वाटते. तो फरक एखाद्या तात्पुरत्या खात्याला टाकून तेरीज (सर्व खात्यांच्या बाक्यांचा गोषवारा) जुळवून घेण्याचा मोह फार मोठा असतो. माझा त्याला ठाम विरोध आहे, कारण तात्पुरते म्हणून उघडलेले खाते प्रणालीत एकदा गेले की त्याची चौकशी करायला पुढे कोणालाच सवड मिळत नाही.

तारखेचा प्रश्न तर थेट शेतकऱ्याच्या खिशाला भिडतो. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्र सरकारकडून व्याजात तीन टक्क्यांची जादा सवलत मिळते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभही मुदतीतील परतफेडीवरच अवलंबून असतो. आता असे समजा, की एक लाखाच्या कर्जाचा भरणा सभासदाने मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी सोसायटीत केला आणि पावती घेतली, पण सुट्ट्या आणि गर्दी यांमुळे तोच भरणा तालुक्याच्या शाखेत चार दिवसांनी जमा झाला. सात टक्क्यांनी चार दिवसांचे व्याज 76 रुपये 71 पैसे होते, आणि तारीख बँकेची धरली तर गेलेली केंद्राची सवलतच 3,000 रुपयांची असते. जिल्हा बँका कोअर बँकिंगवर, म्हणजे सर्व शाखा एकाच संगणकव्यवस्थेला जोडणाऱ्या पद्धतीवर, गेल्या तेव्हा सोसायट्या वहीवरच राहिल्या, त्यामुळे एकाच भरण्याच्या दोन तारखा आणि दोन सत्ये तयार झाली. सोसायटीतील नोंद त्याच क्षणी आणि त्याच तारखेने यंत्रात होणे, हा संगणकीकरणाचा शेतकऱ्याला मिळणारा सर्वांत रोकडा फायदा आहे. दिवसभराच्या पावत्या वहीवर फाडून महिनाअखेर एकदम संगणकात भरण्याची पद्धत पडली, तर तो फायदा हातचा जातो. अशी पद्धत अनेक ठिकाणी पडते, याचे मला फार वाईट वाटते.

आपला हिशेब आपल्याला दिसावा ही या मुलखातील शेतकऱ्याची मागणी जुनी आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला, तो लवकरच पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरला, आणि ठिकठिकाणी लोकांनी सावकारांकडून मागून घेऊन जाळले ते कर्जरोखे आणि हिशेबाचे कागद. धान्याच्या कोठारांपेक्षा कागदांवर त्यांचा रोख होता, कारण आपण काय फेडले आणि काय उरले हे त्या कागदांवरून कळायला त्यांना वाव नव्हता. त्या उठावानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्यात इतर तरतुदींबरोबर शेतकऱ्याला फेडीची लेखी पावती, वर्षाचा हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्क होता. पुढे 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या त्या याच पार्श्वभूमीवर. मला हा इतिहास आराखडा करताना सतत डोळ्यांपुढे ठेवावासा वाटला. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी पावती आणि उतारा हा हक्क म्हणून मान्य झाला आहे, तर लाखो रुपये खर्चून येणाऱ्या यंत्राने पहिल्या दिवसापासून तोच हक्क पुरवला पाहिजे. जिल्ह्याला आणि राज्याला जाणारी माहितीपत्रके त्यानंतर.

म्हणून पावती मराठीत, ठसठशीत अक्षरांत आणि तीवर भरणा, त्यातून मुद्दलाकडे गेलेली रक्कम, व्याजाकडे गेलेली रक्कम आणि उरलेली बाकी अशा चारही गोष्टी छापून यायला हव्यात, अशी अट मी घातली. प्रिंटर कोणता घ्यावा यावर मंडळात बराच खल झाला. लेझर प्रिंटरची छपाई सुबक येते, पण दिवसाकाठी मोजक्या पावत्या निघणाऱ्या कार्यालयात त्याचे टोनर महाग पडते. डॉट मॅट्रिक्स यंत्र आवाज करते आणि जुनाट दिसते, तरी त्याची रिबन स्वस्त मिळते, ते कार्बन लावून एकाच वेळी दोन प्रती काढते आणि पासबुकही छापते. थर्मल कागदावरील छपाई तर दोन-तीन उन्हाळ्यांत पुसट होते, आणि ज्या पावतीवर शेतकऱ्याचा पुरावा अवलंबून आहे ती पुसट होऊन चालत नाही. योजनेतून आलेला प्रिंटर कार्यालयीन कागदांसाठी ठेवून पावतीसाठी साधे डॉट मॅट्रिक्स यंत्र वेगळे घ्यावे, असे शेवटी ठरले.

व्यापारी बँकांचा अनुभव इथे उपयोगी पडतो, तो मर्यादित अर्थाने. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली, त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची, म्हणजे खात्यांत नोंदी करणारी, यंत्रे आली आणि नव्वदच्या दशकात संपूर्ण शाखा संगणकीकृत होऊ लागल्या. त्या काळी यंत्र अतिशय महाग आणि माणसाचा वेळ त्यामानाने स्वस्त होता, त्यामुळे नियोजन यंत्राभोवती फिरे. आज ते प्रमाण उलटे झाले आहे आणि तरीही सोसायट्यांच्या सभांमध्ये चर्चा अजून यंत्राभोवतीच फिरते. ए. वैद्यनाथन यांच्या कृतिदलाने 2005 मध्ये सहकारी पतव्यवस्थेच्या पुनरुज्जीवनाचा अहवाल दिला, त्यात सोसायट्यांसाठी समान लेखापद्धती आणि संगणकीकरण यांचा एकत्र विचार होता. आधी सर्वांनी हिशेब एका पद्धतीने लिहावा आणि मग तो यंत्रावर न्यावा, हा त्यातला क्रम मला अगदी योग्य वाटतो. मधल्या वर्षांत ज्या सोसायट्यांनी आपापल्या परीने तयार प्रणाली विकत घेतल्या, त्यांनी बहुधा हा क्रम उलटा केला.

माझ्या माहितीतील एका सोसायटीने अशीच एका खासगी पुरवठादाराकडून प्रणाली घेतली होती. पहिल्या वर्षी ती सुरळीत चालली. नंतर देखभाल कराराची रक्कम वाढत गेली, सोसायटीने नूतनीकरण लांबवले तेव्हा प्रणाली उघडेनाशी झाली आणि आपलीच माहिती बाहेर काढून द्या म्हटल्यावर त्याचे वेगळे पैसे मागण्यात आले. अखेर ती माहिती हाती आली ती युनिकोड (सर्व लिप्यांसाठीचे समान अक्षर-प्रमाण) येण्यापूर्वीच्या फाँटमधील, त्यामुळे सभासदांची नावे नव्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या ओळी होऊन उमटली. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण 1991 मध्येच ठरले होते आणि पुढे युनिकोडही रुळले, परंतु तालुक्याच्या पातळीवर कोणी कोणत्या फाँटमध्ये टंकलेखन करावे याला धरबंध नव्हता. म्हणून कोणतीही प्रणाली घेताना, ती सरकारी असो वा खासगी, सर्व खात्यांची माहिती युनिकोडमध्ये आणि कोणत्याही साध्या तक्तापत्रकात उघडेल अशा स्वरूपात दरमहा आपल्या ताब्यात मिळाली पाहिजे, असा ठराव मी करून घेतला. तिची एक प्रत सोसायटीत आणि दुसरी गावाबाहेर ठेवावी.

नावांचा घोळ फाँटपुरताच नसतो. खतावणीत 'नाना', सातबाऱ्यावर 'नारायण' आणि आधार कार्डावर इंग्रजी स्पेलिंगवरून परत मराठी झालेले 'नरायन' ही तिन्ही एकाच माणसाची नावे असू शकतात, आणि त्याच गावात त्याच नावाचा चुलतभाऊही सभासद असतो. 2017 च्या कर्जमाफीत बँकांकडून आणि सोसायट्यांकडून साठाहून अधिक रकान्यांची माहिती मागवली गेली, तेव्हा या विसंगतींपायी पात्र शेतकरीही यादीबाहेर अडकून पडले होते. पण त्याच वेळी अर्जदारांच्या याद्यांचे चावडी वाचन करण्याचीही पद्धत आखली होती, आणि ती मला फार मोलाची वाटते. आमच्या आराखड्यात तिचा असा उपयोग केला आहे: पडताळणी संपल्यावर प्रत्येक सभासदाला त्याच्या बाकीची छापील चिठ्ठी घरपोच द्यायची, नंतर ठरलेल्या दिवशी हरकती ऐकायच्या आणि त्यानंतरच आरंभीची बाकी प्रणालीत भरायची. बाकीचे आकडे सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावेत की नाही यावर मंडळात मतभेद झाले. कोणाची किती थकबाकी आहे हे गावभर होणे अनेकांना अपमानास्पद वाटते, आणि ते मला मान्य आहे. म्हणून नावे, गट क्रमांक आणि क्षेत्र तेवढे चावडीवर वाचायचे आणि रकमा चिठ्ठीवर ठेवायच्या, असा मार्ग निघाला.

वीज आणि नेट यांच्याविषयी फार लिहीत नाही. गावठाणाचा फीडर शेतीपंपांपासून वेगळा झालेल्या गावांत परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे, पण उन्हाळ्यात व्होल्टेज पडते आणि पहिल्या वळिवाला तारा तुटतात. डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घेतला तर तीन-चार तासांचा खंड निभतो आणि मोठ्या इन्व्हर्टरचा खर्च वाचतो. नेट बंद असताना काय करायचे याचा लेखी नियम मात्र आधीच हवा: आगाऊ क्रमांक टाकलेली पावती पुस्तके, आणि नेट आल्यावर त्याच दिवशी त्याच तारखेची नोंद.

राहता राहिला गटसचिव. जिल्हा देखरेख संस्थेच्या केडरमधील हा माणूस एकाच वेळी दोन-तीन सोसायट्या सांभाळतो, क.म. पत्रके करतो, सहकार कायद्याच्या कलम 101 खालील वसुलीची प्रकरणे तयार करतो, लेखापरीक्षकासमोर दप्तर ठेवतो आणि अनेक ठिकाणी त्याचा पगार महिनोन्‌महिने थकलेला असतो. त्याच्यावर संगणक लादला आणि एका दिवसाच्या शिबिरात प्रशिक्षण उरकले, तर तो वही आणि यंत्र असे दुहेरी काम करील आणि कंटाळून एक सोडून देईल. तो सोडील ते यंत्रच, कारण लेखापरीक्षक अजूनही वही मागतो. प्रशिक्षण त्याच्याच सोसायटीच्या खऱ्या खात्यांवर, त्याच्याच टेबलाशी आणि वाटप व वसुली अशा दोन्ही हंगामांत मिळाले पाहिजे. त्याच्या जोडीला गावातील बारावी झालेली एखादी मुलगी अर्धवेळ नेमावी, असे मी सुचवले. हे पद मंजूर करून घेताना मला सर्वांत जास्त वाद घालावा लागला, कारण यंत्रासाठी तरतूद करायला तयार असणारे हात माणसाच्या पगारासाठी आखडतात. वही आणि यंत्र दोन्ही एका संपूर्ण आर्थिक वर्षापुरती समांतर चालवायची, दर महिन्याला दोन्हींची तेरीज जुळवायची आणि त्या वर्षाचे लेखापरीक्षण संगणकाच्या उताऱ्यांवरून झाले की वही थांबवायची, असे आम्ही ठरवले.

योजनेचा मूळ पाच वर्षांचा काळ 2026-27 मध्ये पुरा होतो. त्यानंतर बॅटऱ्या बदलणे, प्रिंटरची दुरुस्ती, नेटचे मासिक बिल आणि त्या मुलीचे मानधन या सर्वांचा भार सोसायटीवरच येणार, असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. यासाठी गाळ्यातून दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढणारा संगणक निधी उभारण्याचा प्रस्ताव मी मांडला. दुष्काळी वर्षात वसुलीच झाली नाही तर निधीत काय भरणार, असा प्रश्न एका ज्येष्ठ संचालकांनी विचारला आणि तो रास्त होता. त्यावरील चर्चेअंती चांगल्या वर्षात दुप्पट रक्कम काढायची, वाईट वर्षात काढायची नाही आणि निधीला संगणकाच्या कामाखेरीज हात लावायचा नाही, असे ठरले. हा ठराव सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जाईल, आणि बाक्यांच्या पडताळणीचे काम त्याआधीच सुरू झाले आहे.